एसी, कूलर की ह्युमिडिफायर? इचलकरंजीत धंद्याच्या जागेसाठी खर्च किती आणि फसगत कुठे

‘किती टनाचा बसवू?’ हा प्रश्न घेऊन दुकानात जाऊ नका. आधी तुमच्या जागेत नक्की अडचण कसली आहे ते ठरवा. इचलकरंजीत एकाच गल्लीत खाली कापडाची पेढी, वर ट्यूशन क्लास आणि मागच्या बाजूला मागाचं शेड असतं. तिघांची हवेची गरज वेगळी. पेढीला उष्णता बाहेर काढायची असते, क्लासला कोंदट हवा बदलायची असते आणि मागाला हवेत ओल हवी असते. तिघांनाही एसी विकणारा भेटतो. तिघांनाही त्याची गरज असतेच असं नाही.

ढोबळ वाटणी अशी. बंद जागा, काच, गिऱ्हाईक, संगणक असेल तर एसी. माणसं पुष्कळ, दारं-खिडक्या उघड्या, पत्र्याचं छत असेल तर एक्झॉस्ट आणि डक्ट कूलर. सूत असेल तर ह्युमिडिफिकेशन. सायझिंगला वाफ जिथे निघते तिथेच ती ओढून घेणारं हूड आणि पंखा. खोली तापवण्याच्या यंत्रणेचा विचारच करू नका. आपल्याकडच्या थंडीत धंद्याच्या जागेला तिची गरज पडत नाही. ‘हॉट अँड कोल्ड’ एसीसाठी कुणी जादा पैसे सांगितले तर नको म्हणा.

पुढे दिलेले भाव कोटेशन तपासताना हाताशी असावेत म्हणून आहेत. ब्रँड आणि हंगामाप्रमाणे ते खालीवर होतात.

दुकान, पेढी, ऑफिस

एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. वर दुसरा मजला असलेल्या गाळ्यात १५० चौरस फुटांना एक टन धरा. वर उघडा स्लॅब असेल किंवा दर्शनी बाजूला पश्चिमेची काच असेल तर १०० ते १२० चौरस फुटांना एक टन. माणसं वेगळी मोजा. एक माणूस नुसता बसला तरी शंभर वॅटच्या पुढे उष्णता देतो, म्हणजे लग्नसराईत दुकानात ३० गिऱ्हाइकं आली की त्यांच्यासाठीच एक टन लागतो. विक्रेता फक्त क्षेत्रफळ विचारून टन सांगत असेल तर तो अंदाजाने बोलतोय. काच किती, छत कसलं, माणसं किती, दिवे किती, हे त्यानं विचारायला हवं.

दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट तीन तारांकित असेल तर साधारण ३५ ते ४५ हजार, पाच तारांकित ४२ ते ५५ हजार. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये जुना दर दिसला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. तुम्ही नियमित नोंदणीकृत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक घाला, कराचा परतावा (इनपुट क्रेडिट) मिळतो. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. परतावा घेतलात तर त्याच कराच्या रकमेवर घसारा धरू नका, दोन्ही एकदम चालत नाही. भिंतीत, छतात कायमचं बसणारं मोठं सेंट्रल काम असेल तर बिल कसं फोडायचं हे ऑर्डर देण्याआधी कर सल्लागाराला विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

बिल न घेता दोन-तीन हजार कमी करण्याची सूचना येईल. बिल नसेल तर वॉरंटी नाही, परतावा नाही आणि भांडायला कागदही नाही.

तीन तारे की पाच? एसीवरच्या लेबलवर वर्षाला किती युनिट हा आकडा असतो. तो १,६०० तासांच्या वापराचा असतो. सकाळी दहा ते रात्री नऊ उघडं असणारं दुकान वर्षातले ३०० दिवस धरलं तर ३,३०० तास होतात, म्हणजे लेबलच्या दुप्पट. समजा तीन तारांवर १,००० युनिट लिहिलेत आणि पाच तारांवर ७८०. फरक २२०, तुमच्या वापराला ४४०. युनिटमागे सगळे आकार धरून १३ रुपये पडत असतील तर वर्षाला ५,७२० रुपये वाचतात. किमतीतला आठ-दहा हजारांचा फरक दोन वर्षांच्या आत निघतो. दिवसभर चालणाऱ्या जागेला पाच तारे घ्या. महिन्यातून चार दिवस उघडणाऱ्या मीटिंगच्या खोलीला तीन पुरेत. लेबलवरचं वर्षही पाहा. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे गोदामात पडलेल्या जुन्या मालाचे पाच तारे आजच्या निकषांत कमी भरू शकतात.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती फिरवतो. १५ बाय २० च्या खोलीत ४० मुलं बसवून दारं बंद केली की तासाभरात पेंग येते, डोकं जड होतं. तो दोष एसीच्या टनाचा नाही. माणशी मिनिटाला १५ ते २० घनफूट ताजी हवा धरा. ४० मुलांना ६०० ते ८०० सीएफएम झाले. बाहेरची हवा आत घेणारा एक छोटा पंखा आणि समोरच्या भिंतीला एक एक्झॉस्ट एवढ्यात काम भागतं, पण कोटेशनमध्ये ते कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहायला लावा. त्या ताज्या हवेचा भार टनाच्या हिशेबात धरायलाही सांगा. दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरला मात्र घरगुती स्प्लिट लावून मोकळं होऊ नका. तिथे गाळलेली हवा आणि तिचा दाब लागतो, ते काम त्यातल्या जाणकाराचंच.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

एसीची किंमत ठरली की खरी बोलणी सुरू होतात. ‘इन्स्टॉलेशन फ्री’ म्हणजे बहुधा फक्त माणसाची मजुरी. कॉपर पाइप साधारण तीन मीटर मिळतो, पुढे मीटरला ८०० ते १,२०० रुपये लागतात. आउटडोअर गच्चीवर न्यायचा असेल तर एका युनिटमागे दहा-बारा मीटर सहज होतात, म्हणजे जवळपास आणखी दहा हजार. शिवाय आउटडोअरचा स्टँड, ड्रेनचा पाइप, भिंतीला भोक, स्वतंत्र एमसीबी, वायर, अर्थिंग. उंचावर काम असेल तर परांचीचे पैसे. जुना एसी काढायचे वेगळे. हे सगळं एका कागदावर नगाच्या आणि मीटरच्या भावासकट लिहून घ्या. मगच आगाऊ रक्कम द्या.

पाइपची लांबी काम झाल्यावर टेपने तुमच्यासमोर मोजून घ्या. कॅसेट किंवा डक्टेबल युनिट असेल तर डक्टचं बिल पत्र्याच्या चौरस फुटांवर निघतं आणि ‘प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे’ ही ओळ कोटेशनच्या तळाशी असते. तिच्याखाली कमाल आकडा लिहून घ्या. पत्र्याचा गेजही लिहून घ्या. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, म्हणजे २२ गेज सांगून २४ लावला तर तुम्ही जाड पत्र्याचे पैसे देऊन पातळ पत्रा घेतलात. फॉल्स सीलिंग लागल्यावर हे कळत नाही. डक्ट जमिनीवर असतानाच बघा.

बसवतानाचा एक शॉर्टकट तुम्हाला पुढे महागात पडतो. पाइप जोडल्यावर आतली हवा व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची असते. त्याला वेळ लागतो. घाईतला माणूस व्हॉल्व्ह थोडा उघडून गॅसनेच हवा बाहेर ढकलतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. आत ओल राहते, कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं, आणि भरलेला गॅस पहिल्याच दिवशी कमी होतो. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-३२ गॅस असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे. त्यामुळे हा प्रकार धोक्याचाही आहे. माणूस आला की पहिला प्रश्न विचारा, ‘व्हॅक्यूम पंप आणलाय का?’ नसेल तर काम उद्यावर ठेवा.

आउटडोअर कुठे बसणार ते आधी ठरवा. गच्ची सोसायटीची किंवा मालकाची असेल तर लेखी संमती घ्या. ड्रेनचं पाणी शेजाऱ्याच्या दारात किंवा रस्त्यावर सोडू नका. मागाच्या शेडच्या भिंतीला लागून आउटडोअर ठेवू नका. उडणारी रुई कंडेन्सरच्या जाळीवर गोधडीसारखी बसते, गरम हवा बाहेर पडत नाही, वीज वाढते आणि भर दुपारी युनिट ट्रिप होतं. इचलकरंजीतल्या ‘एसी थंडच करत नाही’ या तक्रारीत आधी ही जाळी बघा, गॅसची गोष्ट नंतर.

वीज: भार, ठेव आणि मीटर

दोन दीड टनी एसी म्हणजे साधारण तीन ते साडेतीन किलोवॅट भार वाढला. तुमच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो बघा. जास्त होत असेल तर एसी येण्याआधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. ऑनलाइन होतो. ओळखपत्र, जागेचा पुरावा (मिळकतकराची पावती किंवा भाडेकरार), भाड्याची जागा असेल तर मालकाची संमती, उपकरणांची यादी, परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा चाचणी अहवाल, एवढी कागदं तयार ठेवा. शुल्क कोटेशनप्रमाणे ऑनलाइन भरा, पावती ठेवा. ‘साहेबांना भेटून करून देतो’ म्हणणाऱ्याला हातात रोख देऊ नका.

२० किलोवॅट ही रेघ लक्षात ठेवा. व्यापारी जोडणी या रेघेच्या वर गेली की दराचा गट बदलतो आणि स्थिर आकाराऐवजी मागणी आकार लागतो. मंजूर मागणीपेक्षा जास्त खेचलंत तर जादा मागणीवर दीडपट दराने आकारणी होते. १८ किलोवॅटवर असलेल्या दुकानाने तीन एसी वाढवले तर खर्च फक्त तीन एसींच्या युनिटांपुरता वाढत नाही. अशा वेळी सहा जुने एसी ठेवून तीन नवे घेण्यापेक्षा जुने बदलून भार रेघेच्या आत राहतो का, याचा हिशेब आधी करा.

आणखी एक खर्च वर्षभराने येतो आणि लोक चक्रावतात. महावितरण दरवर्षी तुमच्या सरासरी बिलावरून सुरक्षा ठेव नव्याने काढते. दर महिन्याला बिल येणाऱ्यांना सरासरी दोन बिलांएवढी ठेव ठेवावी लागते. एसीमुळे बिल महिन्याला पाच हजारांनी वाढलं तर पुढच्या वर्षी सुमारे दहा हजार ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ म्हणून वेगळं बिल येतं. तो दंड नाही, पैसे तुमचेच राहतात, त्यावर व्याज मिळतं. हप्त्यांत भरता येते का ते विचारा.

मागाच्या मीटरवरून समोरच्या दुकानाचा एसी चालवू नका. यंत्रमागाचा दर सवलतीचा आहे, त्यामुळे हा मोह होतो. शेडच्या आवारातल्या धंद्याच्या स्वतःच्या ऑफिसची गोष्ट वेगळी. पण विक्रीचं दुकान किंवा भाड्याने दिलेला गाळा त्या मीटरवर सापडला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. गैरवापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागचे १२ महिने धरले जातात.

शिलाईचं युनिट

पत्र्याचं शेड, ६० बाय ४० फूट, उंची १४ फूट, आत ५० मशिनी. इथे एसीचं कोटेशन मागवाल तर वीस टनांच्या पुढे जाईल, आणि वीज तर विचारूच नका. त्याऐवजी हवा बदला. घनफळ ३३,६०० घनफूट. तासाला २५ ते ३० वेळा हवा बदलायची तर १४ ते १७ हजार सीएफएम लागतात. वीस हजार सीएफएमचा एक डक्ट कूलर किंवा दहा हजारांचे दोन. दोन घ्या, एक बंद पडला तर दुसरा चालतो. वीस हजारवाला ४५ ते ७० हजारांच्या आसपास मिळतो, डक्ट आणि स्टँड वेगळे. वीज साधारण दोन किलोवॅट, म्हणजे दहा तास आणि २६ दिवस धरून महिन्याला ५२० युनिट.

दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. पहिली, पाणी. एप्रिलच्या कोरड्या दुपारी वीस हजार सीएफएमचा कूलर तासाला २०० ते ३०० लिटर पाणी पितो. टँकरवर असाल तर हा हिशेब आधी करा. दुसरी, पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते, कूलर थंडावा देत नाही, उलट चिकचिक वाढते आणि कापडाला वास येतो. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. कूलर आत जेवढी हवा ढकलतो तेवढी बाहेर जायला समोरच्या बाजूला जाळ्या किंवा एक्झॉस्ट हवेच. ते नसतील तर कूलर महागडा पंखा ठरतो.

खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया पत्र्यावर करा. पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग, खालून इन्सुलेशनची शीट, माथ्यावर टर्बो व्हेंटिलेटर. यांना वीज एक तर लागत नाही किंवा लागलीच तर नगण्य.

मागाचं शेड

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण इचलकरंजी, शहापूर, यड्राव, तारदाळ, खोतवाडी या पट्ट्यात सगळ्यात मोठी रक्कम याच कामात अडकते.

सुती सूत कोरडं पडलं की ठिसूळ होतं, खळ उडते, ताणा तुटतो. मार्च ते मे दुपारी हे सगळ्यांनाच जाणवतं. मागापाशी आर्द्रता साधारण ६५ ते ८० टक्के लागते. सुती ताण्याला वरच्या बाजूला, पॉलिस्टर मिश्र सुताला खालच्या बाजूला. म्हणून काही करायच्या आधी ओल्या-कोरड्या बल्बचा आर्द्रतामापक घ्या. हजार-पंधराशे रुपयांचं काम आहे. तो शेडच्या दारात नको, लूमच्या मधोमध टांगा. सकाळी आठ, दुपारी तीन आणि रात्री अकरा, आठवडाभर नोंद करा. सोबत लूमच्या डिस्प्लेवरचे ताणा तुटण्याचे थांबे उतरवून घ्या. आर्द्रता कमी आणि थांबे जास्त, हे दोन्ही एकाच वेळी दिसले तरच ह्युमिडिफिकेशन प्लँटचा विचार करा. आर्द्रता ठीक असून ताणा तुटत असेल तर दोष सायझिंगचा किंवा सुताचा आहे. प्लँट बसवून तो जाणार नाही.

आता आकडे. २४ रेपियर लूमचं शेड घ्या. प्रत्येकी साडेतीन किलोवॅट धरले तर ८४ किलोवॅट वीज आत येते आणि जवळजवळ सगळी उष्णता होऊन हवेत जाते. छताची उष्णता धरून सेंट्रल प्लँट ४० ते ५० हजार सीएफएमच्या घरात लागतो. सप्लाय पंखा, एक्झॉस्ट पंखा आणि पाण्याचा पंप मिळून सुमारे २५ किलोवॅट. २४ तास, २५ दिवस चालवला तर १५,००० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर महिन्याला १ लाख ५ हजार.

समोरची बाजू बघा. लूम मिनिटाला ४०० पिक (आडवे धागे), कापड इंचाला ६० पिक, मजुरी पिकाला १४ पैसे धरू, म्हणजे मीटरला ८ रुपये ४० पैसे. मीटरमागे सुमारे २,३६० पिक पडतात. २४ लूमची कार्यक्षमता एक टक्क्याने वाढली तर दिवसाला साधारण ५८ मीटर कापड जास्त निघतं, म्हणजे ४९० रुपये, महिन्याला १२,३०० च्या आसपास. नुसत्या विजेचा खर्च भरून काढायला कार्यक्षमता साडेआठ टक्क्यांनी वाढायला हवी. हे सोपं नाही.

आता पंख्यांना व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा. पंख्याचा वेग ८० टक्के केला की वीज निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते. रात्री, पावसाळ्यात, थंडीत पूर्ण वेग लागतच नाही. सरासरी १५ किलोवॅट धरले तर महिन्याला ६३ हजार, आणि भरपाईला सुमारे पाच टक्के वाढ पुरते. म्हणून व्हीएफडी ‘ऑप्शनल’ म्हणून कोटेशनच्या शेवटी लिहिलेला असेल तर तो वर घ्या. तो नसलेला स्वस्त प्लँट तुम्हाला दर महिन्याला महाग पडेल. तुमची मजुरी, तुमचे पिक, तुमचा युनिट दर घालून हाच हिशेब स्वतः मांडा. दिवाणजीला अर्ध्या तासात जमेल.

साध्या मागांवर खर्ची (मजुरीवर विणकाम) करणाऱ्यांनी सेंट्रल प्लँटच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या मागाचा वेग आणि मजुरी पाहता एका टक्क्याची किंमत इतकी कमी निघते, की प्लँटची वीजही सुटणार नाही. पत्र्याचं इन्सुलेशन, पश्चिमेच्या खिडक्यांना आडोसा आणि गरज तिथे स्पॉट ह्युमिडिफायर एवढ्यावर थांबा.

स्पॉट ह्युमिडिफायरमध्ये पाण्याचा दर्जा सगळ्यात महत्त्वाचा. बोअरचं जड पाणी फवारलंत तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, नोझल बुजतात, कापडावर पांढरी भुकटी बसते. नोझल बुजला की थेंब गळतो, थेंब बीमवर पडला की डाग आणि बुरशी. म्हणून आरओचा खर्च ह्युमिडिफायरच्या किमतीतच धरा. आरओमधून वाया जाणारं पाणीही मोजा. शेडमध्ये फवारायचं पाणी पिण्याच्या स्रोताचं किंवा नीट शुद्ध केलेलं असावं, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १५ मध्ये घातली गेली ती कामगारांच्या फुप्फुसांसाठी. टाकी उघडी ठेवू नका, शेवाळ धरू देऊ नका.

सेंट्रल प्लँटलाही पाणी लागतंच. एक किलोवॅट उष्णता पाण्याच्या वाफेने काढायला तासाला सुमारे दीड लिटर पाणी उडतं. ८४ किलोवॅटला दिवसाला किमान ३,००० लिटर, शिवाय क्षार काढायला सोडावं लागणारं पाणी. कडक उन्हाळ्यात बाहेरची कोरडी हवा पूर्ण घेतली तर हा आकडा तिप्पट-चौपट होतो. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार हीच बातमी असते, तिथे हा आकडा कोटेशनवर लिहून मागा.

आर्द्रता वाढवताना आत राबणाऱ्या माणसाला विसरू नका. गरम आणि दमट शेडमध्ये घाम वाळत नाही, शरीर तापतं. ओल्या बल्बचा पारा ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, तिथे पोचला की फवारा बंद करून हवा वाढवा. रुई ओढून घेणारा फिल्टर रोज साफ होतो की नाही हे स्वतः बघा.

सेंट्रल प्लँटच्या कोटेशनमध्ये बहुधा नसतं ते असं: जमिनीखालचा ट्रेंच, पाण्याची टाकी, प्लँट रूम, मुख्य पॅनेलपासूनची केबल, क्रेन, मालवाहतूक, बसवायला येणाऱ्या माणसांचं राहणं-जेवण. यातला ट्रेंच सगळ्यात त्रासाचा, कारण त्यासाठी लूम हलवावे लागू शकतात आणि तेवढे दिवस शेड बंद. नवीन शेड बांधताय तर पाया घेतानाच ट्रेंच घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना करायला रक्कम भागिले सीएफएम करा, मग विजेचे किलोवॅट भागिले सीएफएम करा. पहिल्या आकड्यात स्वस्त असलेला दुसऱ्यात महाग निघू शकतो. प्लँट कोइमतूर किंवा अहमदाबादहून येणार असेल तर बिघाड झाल्यावर माणूस किती तासांत आणि कुणाच्या खर्चाने येणार, हे लिहून घ्या.

देखभाल

एएमसी (वार्षिक देखभाल करार) दोन प्रकारची. फक्त सर्व्हिसची, दीड टनी स्प्लिटला वर्षाला १,५०० ते ३,०००. आणि सुट्या भागांसकट, तिच्या दुप्पट किंवा जास्त. दुसरी घेताना गॅस, पीसीबी आणि कॉम्प्रेसर धरलेत का ते वाचा. बहुतेक वेळा यातलं एक तरी वगळलेलं असतं. ‘दहा वर्षं वॉरंटी’ ही नुसत्या कॉम्प्रेसरची, त्यात मजुरी आणि गॅस नाही. काही कार्डांवर व्यावसायिक वापराला वेगळी अट असू शकते, घेण्याआधी वाचा.

दरवर्षी गॅस भरायला सांगणाऱ्याला अडवा. एसीचा गॅस संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीन-चार हजारांना लावतो. ‘आधी लीक दाखव, मग भर’ एवढंच म्हणा. २४ अंशांवर चालवा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळात २४ वरच सुरू होतात, आणि एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. रुईच्या भागात फिल्टर आठवड्याला, कंडेन्सर महिन्याला धुवा.

कधी घ्यायचं, पैसे कसे द्यायचे

मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका. भाव चढे, बसवणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर घाईत. नोव्हेंबर ते जानेवारी चांगला काळ. भारवाढीचा अर्ज त्याच्याही आधी. स्प्लिट एका दिवसात बसतो, डक्टेबलला दोन ते चार आठवडे, सेंट्रल ह्युमिडिफिकेशनला सिव्हिल कामासकट दोन-तीन महिने धरा.

प्लँटची चाचणी पावसाळ्यात मान्य करू नका. ऑगस्टमध्ये आर्द्रता आपोआपच ८० टक्के असते, प्लँट बंद असला तरी मापक छान आकडा दाखवतो. करारात लिहा: एप्रिल किंवा मे महिन्यात, दुपारी दोन ते चार, सगळे लूम चालू असताना, तीन ठिकाणी मोजून ठरलेली आर्द्रता मिळाली पाहिजे, आणि तोपर्यंत दहा टक्के रक्कम राखून ठेवली जाईल. देणारा कुरकुर करेल. जो अजिबातच तयार होत नाही, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

हा करार एवढा जपायचं कारण ग्राहक कायद्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला लागू होत नाही. अपवाद एकच: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू. स्वतः दुकान चालवणारा छोटा दुकानदार किंवा दोन-चार माग स्वतः चालवणारा या अपवादात बसू शकतो. तुम्ही बसत असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, विजेच्या तक्रारीला १९१२. बसत नसाल तर तुमच्या हातात फक्त करार, बिल आणि राखून ठेवलेले दहा टक्के उरतात.